खाली दुकानं, वर घरं: इमारतीच्या पाट्या आणि दृश्य ओळख यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळमजल्यावर गाळे, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दवाखाने, क्लासेस आणि सीएंची ऑफिसं, मध्ये पोडियमचं, म्हणजे घरांच्या खालच्या रुंद मजल्यांवरचं, पार्किंग आणि त्याच्या वर राहती घरं. ठाणे आणि नवी मुंबईत आता बहुतेक नव्या इमारती अशाच उभ्या राहतात आणि त्यांच्या पाट्यांचं काम मी करते. बिल्डरच्या ऑफिसातून, सोसायटीच्या कमिटीकडून, गाळेधारकांकडून जे प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली की पाट्यांचं बघू, असं चालेल का?

चालवून घेतात सगळेच, पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. छताचं ड्रॉइंग पक्कं होण्याआधी मला बोलवा. टांगती पाटी जिथे यायला हवी नेमका तिथेच आगीत पाणी फवारणारा स्प्रिंकलर असतो, बीम खाली उतरलेला असतो किंवा सीसीटीव्हीची नजर अडते. स्प्रिंकलरसमोर पाटी आली तर पाणी पसरत नाही, म्हणून ती हलवावीच लागते आणि मग ती अशा कोपऱ्यात जाते जिथे कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय उजेडाच्या पाट्यांना वायर लागते. ती भिंतीतून आधीच ओढलेली असली तर काम नीट होतं. नाहीतर ग्रॅनाइटवरून वायर झाकणारी पांढरी केसिंग पट्टी धावताना दिसते आणि लाखो रुपयांची लॉबी त्या एका पट्टीने उतरते.

तुम्ही लगेच डिझाइन का दाखवत नाही? आम्हाला तीन पर्याय हवे आहेत.

कारण आधी मला तुमच्या गेटवर उभं राहायचं असतं. घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका इमारतीत मी दोन संध्याकाळी वॉचमनच्या केबिनशेजारी खुर्ची टाकून बसले आणि लोक त्याला काय विचारतात ते वहीत टिपत गेले. सर्वात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, "डोळ्यांचे डॉक्टर कुठे बसतात?" एक आजी नातवाचा हात धरून आल्या. समोर लिफ्ट दिसली म्हणून बसल्या, पोडियमच्या बागेत पोचल्या, तिथून परत खाली आल्या. दवाखान्याची लिफ्ट मेडिकलच्या दुकानामागे होती. पाटी नव्हती असं नाही. चकचकीत पाटी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं "विंग बी – कमर्शियल". डोळे दाखवायला निघालेलं माणूस स्वतःला कमर्शियलकडे निघालेलं समजत नाही. आम्ही ती उतरवून "दवाखाने व ऑफिसं" अशी पाटी लावली, खाली बाण दिला आणि मेडिकलच्या कोपऱ्यावर तीच पाटी पुन्हा लावली. नंतर वॉचमननेच सांगितलं, आता निम्मे लोक विचारतसुद्धा नाहीत.

रोज येणाऱ्याला पाटी लागत नाही. पाटी त्याच्यासाठी असते जो आयुष्यात एकदाच या इमारतीत येणार आहे आणि बहुधा घाईत किंवा काळजीत आहे. त्याच्या तोंडात जो शब्द आहे तोच पाटीवर यायला हवा. तो शब्द सापडेपर्यंत तीन पर्याय काढून उपयोग नाही.

विंगला ए, बी, सी द्यायचं की नावं? आणि मजल्यांचे आकडे?

हा प्रश्न सगळ्यांत उशिरा विचारला जातो. खरं तर तो सगळ्यांत आधी यायला हवा.

आधी मजले घेऊ. दोन पोडियम असलेल्या इमारतीत लिफ्टमध्ये ५ दाबलं की दारावर ३०१ दिसतं, कारण घरांची मोजणी पोडियमच्या वरून केलेली असते. तिथे राहणाऱ्यांना सवय होते. रात्री अडीचला स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसाला नसते. एका मजल्याला एकच आकडा हवा, तोच लिफ्टच्या बटणावर, तोच जिन्याच्या लँडिंगवर, तोच दारावर. हे बांधकाम चालू असताना ठरलं तर फुकटात होतं, कारण एकदा करारनाम्यांत फ्लॅट नंबर छापले गेले की हात बांधले जातात.

विंगची अक्षरं इंटरकॉमवर बोलून बघा. "बी", "डी", "ई", "जी" हे सगळं फोनवर सारखंच ऐकू येतं आणि जेवणाचा डबा भलत्याच विंगमध्ये जातो. दोनच विंग असतील तर ए आणि बी पुरे. चार-पाच असतील तर मी नावं सुचवते, मात्र ती एकमेकांपासून कानाला वेगळी लागली पाहिजेत आणि पहिलं अक्षर वेगळं असलं पाहिजे. पळस, कदंब, बकुळ, सावर चालेल. "सुवर्ण", "सुरभी", "सुमन" एकाच आवारात नकोत.

नवी मुंबईसाठी एक खास सूचना. सिडकोने हे शहर नोडनोडने, म्हणजे वाशी, नेरूळ अशा स्वतंत्र उपनगरांनी, वसवलं आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टरचे आकडे नव्याने सुरू होतात. वाशीत सेक्टर १७ आहे, नेरूळमध्येही सेक्टर १७ आहे. गेटवरच्या पाटीवर नुसतं "प्लॉट अमुक, सेक्टर १७" लिहू नका. नोडचं नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात घ्या. रिक्षातून उतरलेल्या माणसाला आपण बरोबर जागी आलो की नाही हे तिथेच कळायला हवं.

पार्किंगमध्ये लोक गाडी कुठे लावली ते विसरतात. रंग दिले तर पुरेल का?

नुसते रंग पुरत नाहीत. ट्यूबलाइटच्या उजेडात पोपटी आणि पिवळा वेगळे दिसत नाहीत आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्याला वाटतात त्याहून बरीच असतात. रंग, आकडा आणि चित्र या तिन्ही गोष्टी एकत्र द्या. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली तेव्हा डिझायनर लान्स वायमन यांनी प्रत्येक स्थानकाला स्वतःचं चित्रचिन्ह दिलं. वाचता न येणाऱ्या प्रवाशालाही आपलं स्थानक ओळखता यावं म्हणून. ती चिन्हं आजही वापरात आहेत.

आपल्याकडे चित्रांसाठी लांब जायला नको. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, २०१५ पासून तिथे त्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. एका इमारतीला मी पार्किंगच्या तीन पातळ्यांसाठी रोहित, खेकडा आणि तिवराचं पान दिलं. खांबावर जमिनीपासून छातीच्या उंचीला, चारही बाजूंनी, कारण गाडीतून उतरलेल्याला खांबाची कुठली बाजू दिसेल ते सांगता येत नाही. तिथली मुलं आता सरळ म्हणतात, "आई, आपली गाडी खेकड्यात आहे."

दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम नेमका काय?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही त्यात आली. पाटीवर देवनागरी लिपीतली मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं इतर कुठल्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दारू विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं लावता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं होतं.

इमारतीच्या डिझाइनसाठी याचा अर्थ असा की गाळ्यावरची पाटीची पट्टी मुळातच दोन ओळी बसतील इतकी उंच ठेवा. अडीच फुटांच्या पट्टीत मराठी नाव ऐटीत बसतं. सव्वा फुटाची ठेवलीत तर प्रत्येक दुकानदार मराठी कुठेतरी कोंबेल आणि मग नोटीस येईल.

मराठी अक्षरं इंग्रजीइतक्याच उंचीची ठेवली तरी बारीक का दिसतात?

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून उत्तर लांब होणार.

इंग्रजी कॅपिटल अक्षर पट्टीची पूर्ण उंची वापरतं. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अक्षराचं अंग मध्ये. "मुंबई" आणि "MUMBAI" हे एकाच उंचीच्या चौकटीत बसवले, तर मराठीच्या वाट्याला प्रत्यक्ष वाचण्याजोगं अंग फार कमी उरतं. कायद्याने अक्षरं समान झाली, डोळ्यांना मराठी धाकटीच दिसली. म्हणून मी माप घेताना मात्रा-उकार सोडून देते आणि मराठीचं अंग इंग्रजी कॅपिटलच्या जवळपास येईल इतकं मोठं करते. ओळींमध्ये अंतरही जास्त सोडते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

फॉन्टचं म्हणाल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स हे सगळे मोफत मिळतात आणि देवनागरी व रोमन दोन्ही एकमेकांना धरून काढलेली आहेत. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी काढलेला मंगल हा फॉन्ट घरोघरच्या संगणकावर पोचला आणि मराठी टाइप करणं सोपं झालं. पण तो पडद्यावरच्या मजकुरासाठी आहे. स्टीलच्या दोन फुटी अक्षरांत तो अशक्त वाटतो.

फॉन्ट निवडताना "ल" आणि "श" बघा. मराठी ल पाकळ्यांचा असतो, मराठी श देठाचा. राज्य सरकारने २०२२ च्या शासन निर्णयात हीच वळणं सांगितली आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि भाषा मराठी निवडली तरच आपली येतात. मग "ऱ्य" बघा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फॅब्रिकेटरच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक पुसला जातो, जोडाक्षरांचे पाय मोडतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. माझा नियम असा की फाइलमधली अक्षरं चित्रासारख्या आकारांत बदलूनच द्यायची, टाइप केलेला मजकूर कधीच नाही. आणि कापायला जाण्याआधी खऱ्या मापाचं कागदी प्रिंट घेऊन इमारतीतल्या एखाद्या मराठी शिक्षिकेला दाखवायचं.

एक गोष्ट हाताने काम केल्याशिवाय कळत नाही. देवनागरी शब्द शिरोरेषेने जोडलेला असतो, त्यामुळे तो एकसंध कापता येतो आणि भिंतीवर पक्का बसतो. अनुस्वार मात्र सुटा असतो. त्याला एकच पिन लागते आणि दोन पावसाळ्यांत ती गंजून तो गळतो. माझ्याच एका कामावर "आनंद"चं "आनद" झालं. रहिवाशांनी फोटो पाठवला तेव्हा फार वाईट वाटलं. तेव्हापासून अनुस्वाराला मागून पारदर्शक अॅक्रिलिकचा पाठीराखा देते आणि दोन पिना मारते.

इमारतीचं मुख्य नाव मात्र शक्य असेल तर फॉन्टमधून घेऊ नका, काढून घ्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी काढली की नुसत्या अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कळायचा. तेवढं सामर्थ्य आपल्या लिपीत आहे आणि ते तुमच्या गेटवरच्या चार अक्षरांतही उतरू शकतं.

अक्षर किती मोठं ठेवायचं?

आरामात वाचता यावं यासाठी दर तीन मीटर अंतराला साधारण २५ मिलिमीटर अंग धरा. लॉबीत सहा मीटरवरून वाचायची यादी असेल तर ५० मिलिमीटर. रस्त्यापलीकडून, साठ मीटरवरून नाव दिसायला हवं तर अर्धा मीटर. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी हे साठ मीटर चार-साडेचार सेकंदांत संपवते, तेवढ्यात नाव वाचून वळायचं असतं. म्हणून रस्त्यावरच्या पाटीवर फक्त नाव ठेवा. फोन नंबर, "अ लक्झरी लिव्हिंग" वगैरे तिथे काही नको. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर कागदाचे ताव चिकटवून समोरच्या फुटपाथवर जा आणि साठीच्या पुढच्या कुणाला तरी वाचायला सांगा.

स्टीलची अक्षरं चांगली दिसतात. तीच करूया ना?

राखाडी ग्रॅनाइटवर नको, हे मी चुकून शिकले. ठाण्यातल्या एका इमारतीला ब्रश फिनिश स्टीलच्या अक्षरांत नावांची यादी केली होती. ऑफिसात नमुना सुंदर दिसला. प्रत्यक्षात पश्चिमेचं दार, संध्याकाळचं ऊन थेट यादीवर, आणि स्टील व दगड दोन्ही एकाच चमकेत विरघळले. एक गृहस्थ अक्षरांवर सावली पडावी म्हणून हात आडवा धरून नावं शोधत होते. ते बघवलं नाही. मी स्वतःच्या खर्चाने ती पाटी काळपट निळ्या पृष्ठावर मॅट पांढऱ्या अक्षरांची करून दिली. आता प्रत्येक पाटीची जागा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघितल्याशिवाय साहित्य ठरवत नाही.

पावसाळा आणि खाडीची हवा सोसेल असं काय आहे?

बाहेरच्या कामाला, विशेषतः वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगत, ३०४ ऐवजी ३१६ ग्रेडचं स्टील घ्या. महाग पडतं पण तपकिरी डाग कमी धरतं. पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियमही उत्तम. एसीपीच्या, म्हणजे दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेल्या फळीच्या, कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. आत पाणी शिरून पत्रा सुटतो. उजेडाच्या पोकळ अक्षरांना खाली पाणी निचरायला भोक हवंच. ते विसरलं की ऑगस्टमध्ये अक्षरात पाणी साचून एलईडी एकेक करून मरतात. एलईडीचा पॉवर सप्लाय अक्षरामागे लपवू नका, छताखाली हात पोचेल अशा कोरड्या जागी ठेवा. तो बदलायला दरवेळी झुला बांधावा लागला तर कुणीच बदलत नाही आणि वर्षभर अर्धंच नाव पेटत राहतं.

गाळेधारक ऐकत नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा मोठा बोर्ड हवा.

त्यांचं चुकत नाही. दुकान दिसलं तरच चालतं. नियम असे करा की त्यांना दिसण्याची खात्री मिळेल. पट्टीची उंची, भिंतीबाहेर किती यायचं, दिव्याची वायर कुठून आणि रात्री किती वाजता बंद, एवढं पक्कं ठरवून ते कागद करारनाम्याला जोडा. दुकानांच्या कडेकडेने चालणाऱ्या माणसासाठी प्रत्येक गाळ्याला एकाच मापाची बाहेर डोकावणारी छोटी पाटी द्या. ठाण्याच्या गोखले रोडसारख्या अरुंद फुटपाथवर दर्शनी पाटीपेक्षा तीच कामाला येते.

अक्षर आणि रंग मात्र दुकानदाराचे राहू द्या. सगळ्या दुकानांना एकाच फॉन्टची, एकाच रंगाची पाटी सक्तीने लावलेली मी पाहिली आहे. मिठाईवाला, शिंपी आणि बँक यांत फरक कळेनासा होतो आणि बाजाराचा बाजारपणा जातो. वरच्या घरांत ज्यांच्या खिडक्या आहेत त्यांच्या झोपेचा विचार करा, लुकलुकणारे दिवे कुणालाच देऊ नका.

आगीच्या पाट्या आमच्या रंगसंगतीत करता येतील का? हिरवा रंग लॉबीत खटकतो.

नाही. या एका बाबतीत मी ग्राहकाचं काम सोडलेलं आहे. बाहेर पडण्याच्या वाटेची पाटी हिरवी-पांढरी, पळणाऱ्या माणसाची, सगळीकडे तशीच. धुरात माणूस विचार करत नाही, ओळखीचं चिन्ह शोधतो. २४ मीटरपेक्षा उंच इमारतीत रेफ्यूजची, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित, जागा असते. तिच्याकडे नेणाऱ्या पाट्या मराठीतही असू द्या, कारण घरकाम करणाऱ्या बाया आणि डिलिव्हरीची मुलं दिवसभर त्या मजल्यांवर असतात. जिन्याच्या प्रत्येक लँडिंगवर मजल्याचा आकडा अंधारात चमकणाऱ्या रंगात लिहा. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. त्या तपासणीच्या दिवशीच कमिटीने या पाट्यांसमोर कुंड्या, सायकली आल्या आहेत का तेही बघावं.

ब्रेल लावली की दिव्यांगांसाठीचं काम झालं?

ब्रेलची पाटी हाताला सापडली तर झालं. दाराच्या पल्ल्यावर लावू नका, कुलपाच्या बाजूच्या भिंतीवर, सुमारे १४०० ते १६०० मिलिमीटर उंचीवर लावा. दरवेळी त्याच ठिकाणी. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये मराठी लिहिताना स्वर व्यंजनानंतर येतो, म्हणजे "कि"ची पहिली वेलांटीही क नंतरच. छपाईच्या चित्रावरून ठिपके उतरवणाऱ्या फॅब्रिकेटरकडून इथे हमखास चुका होतात. अंध वाचकाकडून तपासून घ्या. व्हीलचेअरच्या रॅम्पची पाटी पायऱ्यांपाशी हवी. रॅम्पपाशी पोचलेल्याला ती सांगून काय मिळणार?

परवानगी लागते का?

इमारतीचं नाव, मजल्यांची यादी यांना सहसा अडचण येत नाही. जाहिरात, गच्चीवरची चौकट आणि रस्त्यावर झुकणारी पाटी यांना महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २४४ आणि २४५ मध्ये आकाशचिन्हं (इमारतीच्या माथ्यावर उभारलेल्या पाट्या) आणि जाहिरातींचे नियम आहेत आणि ठाणे, नवी मुंबई दोन्हींना ते लागू होतात. गच्चीवर उंच नाव उभारायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी, डिझाइन नंतर. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. वाऱ्याचं गणित अंदाजाने करायचं नसतं.

यादीऐवजी क्यूआर कोड किंवा स्क्रीन लावू का?

सोबत लावा, ऐवजी नको. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात आईचा हात असलेल्याने फोन कुठून काढायचा?

खर्च कशावर ठरतो, आणि नंतर सांभाळायचं कुणी?

चौरस फुटाचा भाव विचारू नका, त्याने फसगत होते. साहित्य, उजेड, उंचीवर चढण्याचं काम आणि पाट्यांची संख्या या चार गोष्टींवर आकडा ठरतो. पैसे कमी असतील तर लॉबीतली शोभेची भिंत सोडा, चौकाचौकातले बाण सोडू नका.

सांभाळण्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ऑफिसं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. यादीची पट्टी बदलता येणारी नसेल तर जुन्या नावावर कागद चिकटतो, त्यावर सेलोटेप, त्यावर दुसरा कागद. म्हणून मी यादी सरकत्या अॅल्युमिनियम पट्ट्यांची करते आणि काम सोपवताना सेक्रेटरींकडे एक पाकीट देते. त्यात दहा कोऱ्या पट्ट्या, चौकटीची किल्ली, रंगांचे नंबर, फॉन्टची नावं आणि पट्टी कापून देणाऱ्याचा पत्ता. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिते, "नवीन भाडेकरू आला की पट्टी त्याच आठवड्यात". दुसरी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला.